लांजेकर

जुहूत माणसाची पत चौरस फुटांत मोजतात. बंगला केवढा, गच्चीतून समुद्र किती दिसतो, रिडेव्हलपमेंटमध्ये वाढीव जागा किती मिळणार, एवढे तीन आकडे कळले की माणूस कळला. आमच्या इमारतीतले लांजेकर या हिशेबात बसत नाहीत. सगळं जुहू मोठं व्हायच्या मागे लागलेलं असताना हा गृहस्थ सकाळ-संध्याकाळ एकच काम करतो, फोटो लहान करतो. तेही माउसला हात न लावता, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम सोडून.

लांजेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. लांज्याशी त्यांचा संबंध गणपतीला कोकणात जाताना एसटी तिथे चहाला थांबते एवढाच. झालं असं, की इमारतीत राहायला आल्यावर पहिल्याच वार्षिक सभेत, ‘आयत्या वेळचे विषय’ पुकारले गेले तेव्हा ते उठले आणि सोसायटीच्या सूचनाफलकावरचे फोटो किती वाईट पद्धतीने लहान केले आहेत, ते लान्त्सोश पद्धतीने कसे करायला हवे होते, यावर बराच वेळ बोलले. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, ‘श्री. लांजेकर यांनी फोटोसंबंधी सूचना मांडली.’ पुढच्या सभेत इतिवृत्त मंजूर झालं. सहकारी संस्थेत एकदा मंजूर झालेलं इतिवृत्त दुरुस्त करण्यापेक्षा माणसाने आडनाव बदलणं सोपं असतं. आता त्यांच्या घरी येणारं पार्सलसुद्धा वॉचमन ‘लांजेकर काकांचं’ म्हणूनच वर पाठवतो.

त्यांना याचं वाईट वाटत नाही. कारण तो मूळचा लान्त्सोशही जन्माने लान्त्सोश नव्हता. कॉर्नेलियस लान्त्सोश हा हंगेरीचा गणिती १८९३ मध्ये जन्मला तेव्हा त्याच्या घराण्याचं आडनाव लोवी होतं. पुढे तो बर्लिनमध्ये काही काळ आइनस्टाइनचा सहायक होता. फोटो लहान करण्याशी त्याचा स्वतःचा काडीचा संबंध नव्हता. लहरींच्या गणितात त्याने जे काम करून ठेवलं, त्यावरून १९७९ मध्ये क्लॉड डुशॉन नावाच्या हवामानशास्त्राच्या अभ्यासकाने एक गाळणी मांडली, तिला त्याचं नाव दिलं, आणि ती पुढे चित्रांच्या कामी आली. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण आमची लिफ्ट जुनी आहे आणि ती बंद पडली तेव्हा आत आम्ही दोघेच होतो.

लांजेकरांची सगळी नोकरी एका प्रोसेस हाउसमध्ये गेली. छपाईच्या आधी रंगीत चित्राचे चार रंग वेगळे काढायचं, म्हणजे कलर सेपरेशनचं काम. निळा १५ अंशांत, किरमिजी ७५ अंशांत, काळा ४५ अंशांत, पिवळा शून्यावर. ठिपक्यांच्या जाळ्या या कोनांत बसल्या नाहीत की चित्रावर नको ती नक्षी उठते. ती नक्षी उठू न देण्याचा पगार त्यांना तीसेक वर्षं मिळाला. निवृत्तीनंतर पगार थांबला, नक्षी दिसायची थांबली नाही. समोरच्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्याने बारीक चौकटीचा शर्ट घातला असेल तर त्या शर्टावर रंगांच्या लाटा हलताना दिसतात. आपण बातमी ऐकतो. लांजेकर शर्ट बघून अस्वस्थ होतात आणि उठून गॅलरीत जातात.

अमेरिकेतल्या मुलाने जाताना जुना लॅपटॉप ठेवला, त्यावर लिनक्स घातलं आणि वडिलांचा वेळ जावा म्हणून इमेजमॅजिक नावाचा प्रोग्राम दाखवून दिला. वडिलांचा वेळ गेला. आमचाही जाऊ लागला.

या प्रोग्रामची कुळकथा लांजेकर सांगतात ती अशी. १९८७ मध्ये ड्यूपाँ या रसायनांच्या अमेरिकन कंपनीत जॉन क्रिस्टी नावाच्या माणसाला काम मिळालं, की जेमतेम २५६ रंग दाखवणाऱ्या पडद्यावर लाखो रंगांचं चित्र नीट दिसलं पाहिजे. त्यातून हा प्रोग्राम उभा राहिला. १ ऑगस्ट १९९० रोजी क्रिस्टीने तो जगाला फुकट वाटून टाकला. “टिळक पुण्यतिथी!” असं लांजेकर दरवेळी बोट वर करून सांगतात. त्यावरून काय सिद्ध होतं, ते सांगत नाहीत.

याला बटणं नाहीत. हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं. लांजेकर लिहिताना मोठ्याने म्हणतात, “मॅजिक... वहिनींचा फोटो डॉट जेपीजी... वजा-फिल्टर लान्त्सोश... वजा-रिसाइझ पन्नास टक्के...” भिंतीपलीकडे राहणाऱ्या वहिनींना पहिल्यांदा हे ऐकू आलं, तेव्हा त्यांनी आपल्या यजमानांना चौकशीला पाठवलं होतं.

‘फिल्टर’ या शब्दाने तर इमारतीत बराच घोटाळा झाला. लांजेकर काकांकडे पुष्कळ फिल्टर आहेत ही बातमी पसरली आणि संध्याकाळी महिला मंडळ फोन घेऊन हजर. कोणाला डोळ्यांखालची वर्तुळं घालवायची होती, कोणाला गालांवर गुलाबी छटा हवी होती. लांजेकर हरखले. इतक्या जणींना प्रतिमाप्रक्रियेत रस असेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी सगळ्यांना बसवलं, काकूंना चहा टाकायला सांगितलं आणि विचारलं, “बोला, बॉक्स दाखवू, ट्रँगल दाखवू, की थेट लान्त्सोश?”

“काका, ज्याने दहा वर्षं कमी दिसतील तो.”

“वय तेच राहील. पिक्सेल कमी होतील.”

मंडळ चहा पिऊन परतलं. पण हा विषय समजावून सांगितल्याशिवाय सोडायचा नाही असं लांजेकरांनी ठरवलं, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत संधी साधली. माझ्या मते ते त्यांचं सर्वोत्तम भाषण. ते म्हणाले, समजा आपल्यासारख्या सोसायट्यांमधले चारशे सभासद आहेत आणि फेडरेशनवर त्यांच्यातर्फे एकच प्रतिनिधी पाठवायचा आहे. चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो दोनशेवर आणायचा म्हणजे नेमकं हेच, वीस आडवे आणि वीस उभे, अशा चारशे ठिपक्यांच्या जागी एक ठिपका. त्या एकाचा रंग कोणता असावा? ‘सॅम्पल’ नावाचा हुकूम डोळे मिटून एकाला उचलतो आणि बाकीच्यांना विचारतही नाही. काम झटपट होतं, पण खिडकीचे गज वाकडे येतात आणि साडीच्या चौकटीवर नक्षी उठते. ‘बॉक्स’ सगळ्यांना समान मत देतो. ‘ट्रँगल’ जवळच्याला जास्त मत देतो, लांबच्याला कमी. दोन्हींत भांडण होत नाही, चित्र मात्र गुळमुळीत येतं.

“आणि लान्त्सोश?” कोणीतरी विचारलं. विचारायला नको होतं.

“लान्त्सोश मधल्यांना भरपूर वजन देतो. पण त्यांच्या पलीकडे बसलेल्या काहींचं मत तो चक्क उलटं धरतो. त्यांनी हो म्हटलं की थोडंसं नाही असं मोजायचं. म्हणून त्याच्या कडा धारदार येतात.”

सभेत शांतता पसरली. आपल्या सोसायटीत कोणाचं मत उलटं धरलं तर निर्णय हमखास बरोबर येईल, याबद्दल प्रत्येकाच्या मनात एकेक नाव होतं आणि प्रत्येक जण त्या नावाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. खजिनदार मात्र उघडपणे सेक्रेटरींकडे बघत होते. त्या दिवशी पाण्याच्या टाकीचा ठराव विनाचर्चा मंजूर झाला.

लांजेकरांचा खरा हंगाम म्हणजे बँकांच्या परीक्षांचे अर्ज. आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०. वर स्वतःच्या हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. ज्या मुलांना पुढे कोट्यवधींची कर्जं मंजूर करायची आहेत, त्यांची पहिली परीक्षा ही असते आणि तीत पुष्कळ जण गळतात. इर्ल्याच्या सायबरवाल्याकडे रांग असते, म्हणून जुहू कोळीवाड्यातली, नेहरूनगरातली पोरं लांजेकरांकडे येतात. फुकट. सोबत ज्ञान मात्र घ्यावं लागतं.

एकदा अशीच एक मुलगी शेवटच्या तारखेला रात्री आली. लांजेकरांनी तिचा फोटो घेतला, आधी प्रमाणात कापला, लान्त्सोशने उतरवला, कॅमेऱ्याने आत लपवलेली तारीख-ठिकाणाची माहिती ‘वजा-स्ट्रिप’ने काढून टाकली, भुवयांचा केस न् केस वेगळा दिसेल अशी कडा राखली. फाइल झाली १४ केबी. त्यांच्या चेहऱ्यावर कृतार्थता होती. संकेतस्थळाने फोटो परत पाठवला. २० केबीच्या आत चालत नाही.

“कमी केलंय ना पण!” लांजेकर पडद्याला म्हणाले.

“काका, त्यांना थोडं जास्त हवंय.”

“चांगल्या कामाला हे लोक शिक्षा करतात.”

एरवी फायली हलक्या करण्यात धन्यता मानणाऱ्या माणसाला त्या रात्री फाइल फुगवावी लागली. क्वालिटी शंभरावर नेली. चित्रात तसूभर फरक पडला नाही, वजन तेवढं वाढलं. हा भ्रष्टाचार आहे असं त्यांचं मत होतं. तेवढ्या वेळात काकूंनी त्या मुलीची सही आणि अंगठा आपल्या फोनवरच कापून, बसवून, चढवूनही टाकला होता. काकूंना यातलं एकही नाव ठाऊक नाही. त्या बोटांनी चिमटा काढतात आणि काम होतं. याबद्दल नवरा-बायकोत बोलणं होत नाही.

दुसरा हंगाम लग्नसराईचा. विवाहमंडळाच्या फोटोंसाठी येणाऱ्या आयांनी लांजेकरांचं एक गुपित शोधून काढलं आहे. २०० बाय २३० असा आकडा दिला तरी मॅजिक फोटोचं मूळ प्रमाण मोडत नाही. त्या चौकटीत मावेल तेवढाच करतो, एक बाजू कमी भरली तर भरली. पण आकड्यापुढे उद्गारचिन्ह टाकलं, की प्रमाण गेलं खड्ड्यात, चित्र दाबून-ताणून चौकटीत कोंबलं जातं. हे कोणा मुलाने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकू दारात.

“भाऊजी, आमच्या पिंट्याच्या फोटोला ते उद्गारचिन्ह लावा ना. उभं थोडं जास्त ठेवा. जरा बारीक दिसेल, उंची पण येईल.”

“ती खोटी साक्ष होईल, वहिनी.”

“अहो, मुलीकडच्यांनीही लावलेलं असणारच की!”

लांजेकर हलले नाहीत. त्यांचं आवडतं चिन्ह वेगळं आहे, उजवीकडे टोक असलेला कोन, म्हणजे ‘पेक्षा मोठे’. आकड्यापुढे ते लावलं तर फोटो त्या आकड्यापेक्षा मोठा असेल तरच लहान होतो, आधीच लहान असेल त्याला हात लागत नाही. यातला न्याय त्यांना फार भावतो. फक्त हा आकडा अवतरणांत ठेवावा लागतो, नाहीतर काळा पडदा त्या चिन्हाचा अर्थ ‘बाहेर पडेल ते सगळं एका फायलीत ओता’ असा घेतो. खजिनदारांनी अवतरणं टाकली नाहीत. फोटो जिथल्या तिथे आणि कोणीही न मागितलेली एक फाइल तयार, असा त्यांचा हिशेब लागला. त्याच खजिनदारांनी आपल्या विंडोजवर ‘कन्व्हर्ट’ हा या प्रोग्रामचा जुना हुकूम दिला. विंडोजकडे त्याच नावाचा स्वतःचा एक हुकूम आधीपासून आहे आणि तो चित्र नव्हे, डिस्कची आतली मांडणी बदलतो. सुदैवाने त्याला खजिनदारांचं म्हणणं कळलं नाही. नव्या आवृत्तीत हुकुमाचं नाव बदलून ‘मॅजिक’ झालं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लांजेकर म्हणतात, उशिरा सुचलेलं शहाणपण.

आता त्यांच्या एकमेव राजकीय भूमिकेकडे येतो. मॅजिकमध्ये ‘मिचेल’ नावाचा एक फिल्टर आहे. फोटो मोठा करायचा असेल आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर प्रोग्राम आपणहून तोच वापरतो. लहान करताना लान्त्सोश, मोठा करताना मिचेल. त्यामागचा निबंध १९८८ चा. तो लिहिला दोघांनी, डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी. नेत्रावळी पवईच्या आयआयटीचे १९६७ चे पदवीधर. पुढे अमेरिकेत बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले, २००१ मध्ये पद्मभूषण मिळालं. निबंधावर दोघांची नावं आहेत. हुकुमात लिहायचं मात्र फक्त मिचेल.

“पवई इथून किती लांब आहे?” लांजेकर विचारतात. “रिक्षाने जाता येतं. आणि नाव कोणाचं? मिचेलचं!”

दरवर्षी १ मे रोजी, सोसायटीचं झेंडावंदन उरकून वर आल्यावर, ते काळ्या पडद्यासमोर बसून एकदा ‘वजा-फिल्टर नेत्रावळी’ असं लिहून बघतात. प्रोग्राम उत्तर देतो, की असा कोणताही फिल्टर ओळखीचा नाही. लांजेकर मान हलवतात आणि काकूंनी केलेल्या श्रीखंडाकडे वळतात. प्रोग्रामकर्त्यांना पत्र लिहा असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, मागून मिळालं तर त्यात काय अर्थ.

पण त्या निबंधातली एक गोष्ट त्यांनी मनावर घेतली आणि ती मलाही पटते. मिचेल आणि नेत्रावळी यांनी सूत्रात दोन आकडे मोकळे ठेवले होते. त्यांच्या निरनिराळ्या जोड्या लावून चित्रं काढली आणि जाणकार माणसांना समोर बसवून विचारलं, कसं दिसतंय? धूसर, कडेला लाटा उठलेलं, की ठीक? माणसांनी उत्तरं दिली. त्यानंतर दोन्ही आकडे एकतृतीयांशच्या आसपास ठेवावेत अशी त्यांची शिफारस आली. बेल लॅब्जमध्ये, एवढं गणित पदरी असताना, शेवटचा निवाडा डोळ्यांवर सोपवला गेला.

म्हणून लांजेकरही डोळे गोळा करतात. एका सकाळी त्यांनी तीन फिल्टरांच्या तीन प्रिंट काढून सोफ्यावर मांडल्या आणि परीक्षकांना बसवलं, मी, वॉचमन, आणि दारावर मासळी घेऊन येणारी मावशी. चित्रं तिच्याच पाटीची होती. ती हल्ली गिऱ्हाइकांना सकाळी मासळीचे फोटो पाठवते आणि ते हलके करून द्यायचं काम लांजेकरांनी अंगावर घेतलं होतं. वॉचमनने तिन्ही प्रिंट बघून “एकदम फर्स्ट क्लास” म्हटलं. मीही तसंच काहीतरी बोललो, कारण मला तिन्ही सारख्याच दिसत होत्या. मावशीने मधली प्रिंट उचलली, खिडकीकडे धरली आणि म्हणाली, “या पापलेटाच्या कडेला पांढरी रेघ कशाला आली? बर्फातलं वाटतंय. गिऱ्हाईक म्हणेल, शिळं आहे.”

ती प्रिंट लान्त्सोशची होती. काहींचं मत उलटं धरण्याचा जो मोबदला द्यावा लागतो तो हाच. जिथे उजेड आणि अंधार एकमेकांना भिडतात, तिथे कडेला एक खोटी उजळ रेघ उठू शकते. काळ्या पाटीवरचं चंदेरी पापलेट म्हणजे त्या दोषाला आवतणच. इतक्या वर्षांत लांजेकरांना ज्ञान घेऊन जाणारे पुष्कळ भेटले होते, दोष दाखवणारं कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे मिचेलने, म्हणजे त्यांच्या भाषेत नेत्रावळीने, चौथी प्रिंट काढली.

“हां, हे आजचं दिसतंय,” मावशी म्हणाली आणि पाटी उचलून निघाली. त्या दिवसापासून लांजेकर नवा फोटो आधी तिला दाखवतात. आमचं मत विचारायचं त्यांनी सोडलं आहे.

मोठं करून द्या म्हणणारे आले की मात्र ते चिडतात. साताऱ्याचे आमचे पाहुणे रविवारी ‘जलसा’बाहेरच्या गर्दीत उभे राहिले होते. बच्चनसाहेब बाहेर आले, सगळ्यांचे हात वर गेले, पाहुण्यांनीही फोन वर धरून फोटो काढला. त्यात पुढच्या माणसांचे पंजे होते, फाटकाचा एक तुकडा होता आणि पलीकडे फिकट रंगाचा एक डाग होता. तो डाग मोठा करून चेहरा आणायचा होता, फ्रेम करून हॉलमध्ये लावायला.

लांजेकरांनी तो डाग आठपट केला. मोठा डाग आला.

“यात आठ-दहा ठिपके आहेत. ठिपक्यांच्या मधलं मी गुळगुळीत करून देईन. नाक कुठून आणू?”

आमच्या इमारतीला विमानतळाच्या फनेल झोनमुळे वर चढता येत नाही, तसं लांजेकरांनाही नाही, असं मी पाहुण्यांना समजावलं. पाहुणे फारसे खट्टू झाले नाहीत. त्यांच्या मुलाने रात्री फोनवरच्या एका एआयवाल्या अॅपमधून तोच फोटो काढून आणला. चेहरा लख्ख आला होता. दाढी होती, चष्मा होता, प्रत्येक दात मोजता येत होता. माणूस मात्र बच्चन नव्हता. बहुधा कोणीच नव्हता. साताऱ्याच्या हॉलमध्ये तो आज लागलेला आहे आणि बघणारे हात जोडतात.

लांजेकर हे ऐकून जेवले नाहीत, असं काकू सांगतात.

आता त्यांच्या या छंदाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर गणेशोत्सवाचं उदाहरण देता येईल. मंडळाच्या मुलांनी दहा दिवसांत काढलेले सातेकशे फोटो, प्रत्येक आठ-दहा एमबीचा. काकूंच्या चिमट्याने ते आवरायचे तर पुढचे गणपती उजाडले असते. लांजेकरांनी एक ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि चहा प्यायला बसले. चहा संपायच्या आत निम्मे झाले होते. पण त्यांचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. विसर्जनाचे फोटो रात्रीचे, चौपाटीवरचे. मूर्तीमागे बल्बच्या माळा, गोळेवाल्यांच्या गाड्यांवरचे दिवे, लांबवर समुद्रात एक-दोन ठिपके. हे फोटो साध्या रीतीने लहान केले की ते बारके दिवे मंदावतात. कारण फायलीतले आकडे उजेडाच्या थेट प्रमाणात नसतात, त्यामुळे आकड्यांची सरासरी म्हणजे उजेडाची सरासरी नव्हे. लांजेकरांनी म्हणून सगळे रात्रीचे फोटो आधी उजेडाच्या मापात आणले, तिथे लहान केले आणि मग परत नेहमीच्या मापात नेले. या एका वाक्यातल्या कामाला त्यांना रात्रीचे दोन वाजले.

फोटो ग्रुपवर गेले. ग्रुपने ते आणखी दाबून सगळ्यांना पोचवले. दिव्यांबद्दल कोणीही काही बोललं नाही.

त्याच फोटोंचं पुढे सेक्रेटरींच्या हातून जे झालं, त्याला लांजेकर जबाबदार नाहीत. मॅजिकचं ‘मोग्रिफाय’ नावाचं एक भावंड आहे. मॅजिक नवी फाइल करून देतो, मोग्रिफाय मूळ फाइलवरच नवी लिहितो. विचारत नाही, थांबत नाही. लांजेकरांनी हे वहीत लाल शाईने लिहून दिलं होतं. सेक्रेटरींनी वही वाचली नाही, हुकूम तेवढा उतरवून घेतला आणि संकेतस्थळासाठी १२० पिक्सेल रुंदी दिली. मंडळाचा त्या वर्षीचा उत्सव आता टपाल तिकिटाएवढा शिल्लक आहे. तो मोठा करून मिळेल का, असं विचारायला सेक्रेटरी स्वतः गेले होते. लांजेकरांनी त्यांना आत बोलावलं, बसवलं, आणि उत्तर द्यायच्या आधी नेत्रावळींपासून सुरुवात केली. सेक्रेटरी पाऊण तासाने बाहेर आले ते थेट लिफ्टकडे न जाता जिन्याने उतरले.

माणूस त्रासदायक आहे यात शंका नाही. पण आपला फोन दिवसातून दहा वेळा आपले फोटो दाबतो, त्यातलं काय टाकून दिलं ते कधी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. लांजेकर टाकतात तेही भरपूर, चारशेतले तीनशे नव्व्याण्णव. फक्त कोणाला टाकलं आणि कोणत्या हिशेबाने, ते तुम्ही ऐकून घेतल्याशिवाय तुम्हाला सोडत नाहीत. मला तो सौदा मान्य आहे.

तुमचं काही काम असेल तर जरूर या. मूळ फोटो आणा. व्हॉट्सअॅपवरून आलेला चालणार नाही, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वॉचमनला लांजेकर म्हटलं की तो मजला सांगेल. मासळीवाली मावशी येऊन गेल्यावर या, त्याआधी ते निर्णय घेत नाहीत. आणि अर्जाची शेवटची तारीख त्यांना दोन दिवस अलीकडची सांगा. आम्ही सगळे तेच करतो.